अकोल्याची चौकशी

"सगळे रिव्ह्यू पाच स्टारवाले आहेत, आई. आता काय पत्रिका मागवणार आहेस त्या विकणाऱ्याची?"

"सगळेच चांगलं म्हणतायत, तिथेच तर पाल चुकचुकते," शोभनाताई म्हणाल्या. "एखाद्या तरी काकूने नाक मुरडलं असेल. ती शोध."

मनीषने अंगठा सरकवत एक शोधली. माल उशिरा आला, कॉम्प्युटरचा पडदा खराब निघाला, बदलून दिला पण बोलला उर्मटपणे.

"झालं, कॅन्सल."

"का रे? बदलून दिला ना? गोड बोलून पोरींचं वाटोळं करणारी स्थळं मी काय कमी पाहिली?"

इंदुरातल्या मराठी घरांत लग्नं जुळवणं, नवरा गेल्यापासून ताईंचं जगणं हेच होतं. आता वधूवर मंडळाने ठरवलं होतं, सगळी स्थळं कॉम्प्युटरवर. ज्यांना जमणार नाही त्यांनी 'मार्गदर्शक' व्हावं, म्हणजे शाल घेऊन घरी बसावं. मोबाइलवरची अक्षरं ताईंना मुंग्यांसारखी दिसत. अकोल्याचा कुणी आशिष मोठ्या पडद्याचा जुना कॉम्प्युटर कुरियरने पाठवत होता, पैसे मात्र आधी. ते बुडाले तर दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, आणि मंडळ सुटलं तर सकाळी साडी नेसून जायला जागा नव्हती.

ताईंनी अकोल्यात दिलेल्या अनुश्रीला फोन लावला. तिचं लग्न त्यांनीच जुळवलेलं. "जाऊन बघ गं जरा. घर कसं, शेजारी काय म्हणतात, आईशी कसा बोलतो."

संध्याकाळी उत्तर आलं. "काकू, दुकान वगैरे कुछ नहीं. जिन्याखाली एक खोली आहे बस."

पैसे भरू नको म्हणून ताईंनी मनीषच्या मोबाइलवर हात ठेवला.

"पण समोरची बाई म्हणाली, तोंडाचा फटकळ, हाताचा साफ. हिच्या टीव्हीला जुना पार्ट लावला, तर जुना आहे म्हणून आधी सांगितलं. तिने तुमचा नंबर मागितला, मी दिला."

"फटकळ ना?" ताई मनीषला म्हणाल्या, "मग भर पैसे."

तरी खोकं येईपर्यंत त्यांना जेवण गोड लागलं नाही. ते आलं, मनीषने तारा जोडल्या आणि पडद्यावर बोराएवढी अक्षरं उमटली. ताई पलंगावर टेकल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचे खांदे सैलावले.

"सही निकला भिया तुझा अकोलेवाला," मनीष म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. "मी आशिषची आई, अकोल्याहून. तुमची माणसं चौकशी करून गेली म्हणे. सगळी गल्ली मला विचारतेय. बरं झालं हो. याच्या तोंडापायी आमच्या दारात कुणी येतच नाही. मुलगी काय करते?"

मनीषने तोंडात रुमाल कोंबला. ताईंनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पलीकडे ती बाई श्वास रोखून थांबली होती.

"मुलगी अजून शोधायचीय," त्या म्हणाल्या. "आधी मुलाचं सांगा." मग मनीषला हाताने खुणावलं, "सरक."

त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागल्या.

"सावकाश सांगा. मला घाई नाही."