तरंगणारं संत्रं

वर्गातल्या मुली तिला ‘पाठांतर’ म्हणायच्या. अध्यापक विद्यालयात शिकायला आलेल्या या मुलीला अख्खं पाठ टाचण तोंडपाठ असे, कंसातल्या ‘येथे स्मित करावे’सकट. विज्ञानाच्या पहिल्या सराव पाठाआधी तिनं दादाला समोर बसवून तोच पाठ इतक्यांदा घेतला, की तो हात जोडून म्हणाला, “बये, मी पास झालो. आता सोड मला.”

पाठ सहावीच्या वर्गावर होता, विषय तरंगणं आणि बुडणं. मागच्या बाकावर विज्ञान शिकवणाऱ्या बाई निरीक्षणाला बसल्या होत्या. सालीसकट संत्रं बादलीत छान तरंगलं. तिनं ठरल्या जागी स्मित केलं.

“साल काढली की सालीतली हवा जाते. म्हणून सोललेलं संत्रं बुडेल,” असं म्हणत तिनं ते पाण्यात सोडलं.

ते तरंगलं. वर्गात खसखस पिकली.

“बाई, परत टाका ना,” पुढची एक मुलगी म्हणाली.

परत टाकलं. परत वर. तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं, तर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. असं झालं तर काय करायचं, हे टाचणात नव्हतं.

“मला नाही माहीत असं का झालं,” ती कशीबशी म्हणाली. “तुम्हाला काय वाटतं?”

आणि वर्ग उठून बादलीभोवती आला. “पांढरी साल राहिलीय!” “आत पोकळ असतं ते, मध्ये!” कुणी पांढऱ्या शिरा सोलल्या, कुणी फोडी सुट्या केल्या. फोडी एकेक करून तळाशी गेल्या. एकच पठ्ठी वर राहिली, काही केल्या बुडेना. फरशीवर पाणीच पाणी झालं, दोन गटांत भांडण जुंपलं आणि तास संपल्याची घंटा झाली.

वर्गाबाहेर येताच तिला रडू कोसळलं. “बाई, पाठ फसला. टाचणातलं अर्धंही झालं नाही.”

“रडतेस काय, वेडे? खिडकीबाहेर बघायला काय होतं तिथे? नुसती भिंत! तुझ्याकडे बघितलं असतं, तर मला राहवलं नसतं. उठून मीच सांगून टाकलं असतं.” बाईंनी तिच्या हातात रुमाल कोंबला. “‘मला माहीत नाही’ हे वर्गात म्हणायला मला फार वर्षं लागली, बाळ.”

“पण ती एक फोड का नाही बुडाली?”

“काय की! बी असेल, नाहीतर हवा अडकली असेल. उद्या मुलं विचारणारच. चल, बघू या.”

शिक्षकांच्या खोलीत दोघींनी आणखी संत्री सोलली आणि पातेल्यात फोडी सोडत बसल्या. बुडाली ती खायची, असं बाईंनी ठरवून टाकलं. तरंगणारी मिळेपर्यंत दोघींची पोटं भरली होती.