पौषातला खुराक

मी एक जुना कढीपत्ता आहे. जयपूरच्या राजा पार्कात, एका गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत राहतो. माझ्या फांद्या वेड्यावाकड्या असतील, पण वासाला आजवर कोणी नाव ठेवलेले नाही, हे जरा तोऱ्यातच सांगतो.

रमाताईंनी मला सांगलीहून आणले. त्यांच्या आईच्या परसातल्या झाडाच्या मुळाशी मी फुटलो होतो. पुढे रस्ता रुंद करताना ते झाड तोडले गेले. त्याचे जे काही उरले आहे ते मीच. म्हणून माझी पाने कोमेजली तरी रमाताईंचा जीव खालीवर होतो.

मित्रांनो, आम्हा झाडांना नत्र लागते. त्यावाचून पाने हिरवी होत नाहीत. रमाताई मला आंबट ताक पाण्यात कालवून घालतात. त्यांच्या माहेरची रीतच ती. मातीतले सूक्ष्म जीव त्या ताकातल्या नत्राचे आधी अमोनियम करतात आणि मग नायट्रेट. अमोनियम दुधासारखे असते. आले की मुळांनी लगेच वापरायचे, फार साठले की बाधते. नायट्रेट मात्र डब्यातल्या धान्यासारखे. पानांत भरून ठेवावे आणि ऊन पडले की हवे तेवढे रांधावे. दोन्ही थोडे थोडे मिळाले की माझे छान चालते.

मागच्या पौषात इथे कडाक्याची थंडी पडली. थंडीत मी निजतो, पाने पिवळी होऊन गळतात. रमाताईंचा चेहरा उतरला. तो बघवेना म्हणून त्यांच्या यजमानांनी, विमा कंपनीतल्या प्रभाकररावांनी, मला गुपचूप ओंजळभर युरिया घातला. भला माणूस! पण युरियाचे मातीत अमोनियम झाले आणि त्याचे नायट्रेट करणारे जीव तर गारठून बसलेले. अमोनियम साचत गेले, माझी मुळे जळू लागली, शेंडे काळे पडले.

प्रभाकररावांनी घरात सगळे कबूल केले. त्यांची लेक मैत्रेयी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, तो उपाशी नव्हता. मतलब, झोपला होता."

मग तिच्या सांगण्यावरून तिघांनी बादल्या भरून माझ्यावर पाणी ओतले. कुंडीच्या खालच्या भोकातून साचलेले खत वाहून गेले. पुढे कितीतरी दिवस मला काहीच घातले नाही. पोहे कढीपत्त्याविना झाले, कोणी तक्रार केली नाही. रमाताई नखाने माझी साल किंचित खरवडून आत हिरवे आहे का ते बघत. प्रभाकरराव मात्र लांबच उभे राहत, हात मागे बांधून.

फाल्गुनात ऊन तापले, मातीतले जीव जागे झाले आणि मला एक कोवळा फुटवा आला. रमाताई मला धरून रडल्या. या तिघांचे उपकार मी कसे फेडणार? प्रभाकररावांवरही माझा राग नाही, त्यांनी वाईट हेतूने काहीच केले नव्हते. मित्रांनो, तुम्हीही आम्हाला मायेने वाढा, पण आधी ऋतू बघा, आमची भूक बघा.

वैशाखात मी पुन्हा भरून आलो. पहिली डहाळी तोडायची वेळ आली तेव्हा रमाताईंनी प्रभाकररावांना पुढे केले. "तुम्हीच तोडा," त्या म्हणाल्या. त्यांनी भीत भीत माझ्या फांदीला हात लावला, आणि मी त्यांना माझी सगळ्यात चांगली डहाळी दिली.