खाणीचं पाणी हलवलं तो गुरुवार

तानुबाईला कुणी उपाशी राहिलेलं खपत नसे. मग तो माणूस असो, कुत्रं असो, नाहीतर मासा. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ती भांडी घासायची आणि तिथलं उरलंसुरलं घेऊन वस्तीवर यायची. तिच्या बसची वेळ कोपऱ्यावरच्या कुत्र्यांनाही पाठ होती. सुनेच्या ताटात ती नको म्हणेपर्यंत वाढायची आणि नको म्हटल्यावर आणखी एक पळी. अशा बाईकडे माशांना खायला घालायचं काम दिलं, ही खरं तर वस्तीचीच चूक म्हणायची.

वस्ती दिघीच्या पुढे, एका जुन्या दगडखाणीच्या काठावर. खडी काढून काढून खाणवाले निघून गेले, मागे उरला तो प्रचंड खड्डा पावसानं भरला. कैक वर्षं लोक त्यात कचरा टाकत होते. सुभद्राबाई गंगाखेडच्या, भोयाच्या घरातल्या, गोदावरीच्या काठी जाळी विणत मोठ्या झालेल्या. त्यांना ते पाणी असं वाया गेलेलं बघवेना. त्यांनी बचत गटाच्या बायका गोळा केल्या, खाण उपसून साफ केली, परवानगीसाठी हेलपाटे घातले आणि कटला-रोहूची बोटभर पिल्लं आणून सोडली. नियम मात्र कडक. वितीपेक्षा लहान मासा काढायचा नाही. आधी वस्तीतल्या प्रत्येक चुलीवर कालवण, उरलं तर बाजार. आणि रोज सकाळी माशांना एक घमेलं कोंडा-पेंड, तेही शीग न लावता, सपाट.

त्या रविवारी पहिलं वाटप ठरलं होतं, आणि सगळी वस्ती त्या रविवारावर डोळे लावून बसली होती. ठेकेदारानं बऱ्याच पोरांना कामावरून ‘ब्रेक’ दिला होता. तानुबाईचा धम्मरत्न त्यांतलाच. त्याची बायको नेहा पोटुशी, दिवस भरत आलेले, आणि दवाखान्यातल्या बाईंनी अंगात रक्त कमी आहे, मासे-अंडी खायला घाला म्हणून बजावलेलं. घरात महिनाभर वरण-भाताशिवाय काही शिजलं नव्हतं. तानुबाई रोज काठावर उभी राहून पाण्यातल्या काळ्या पाठींकडे बघायची आणि मनात म्हणायची, रविवारी माझ्या नेहाच्या ताटात एक येऊ दे.

बुधवारी कंपनीत विश्वकर्मा पूजा झाली. पुलाव इतका उरला की दोन पिंपं भरली. भोसरीकडे निघालेल्या टेम्पोवाल्याला गळ घालून तानुबाईनं ती पिंपं थेट खाणीवर आणली. आभाळ चार-पाच दिवस झाकलेलं, वारा पडलेला, पाणी पालकाच्या रश्शासारखं हिरवंगार. तिनं दोन्ही पिंपं पाण्यात उपडी केली. "खावा रे लेकरांनो, तुमचाबी सण हाय आज!" मासे भातावर तुटून पडले. तानुबाई समाधानानं घरी गेली आणि निवांत झोपली.

गुरुवारी उजाडता उजाडता ती घमेलं घेऊन आली आणि जागच्या जागी थबकली. पूर्वी ट्रक खाली उतरायचे त्या उताराकडच्या उथळ पाण्यात तोंडंच तोंडं होती. शेकडो मासे पाण्याच्या वर तोंड काढून उभे होते आणि ती तोंडं सारखी उघडत मिटत होती. ‘आगं माय, किती भुकेजली,’ असं वाटून तिनं मूठभर पेंड टाकली. पेंड एका कटल्याच्या अगदी तोंडाजवळ पडली, तिथंच तरंगत राहिली. त्यानं ती खाल्ली नाही. ती अगदी त्याच्यावर वाकली तरी तो हललासुद्धा नाही. तेव्हा मात्र तानुबाई सुभद्राबाईंच्या नावानं हाका मारत धावत सुटली.

सुभद्राबाईंनी पाण्यात हात घातला, हुंगला, काठाला साचलेला आंबूस भात पाहिला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"तानु, ह्यास्नी भूक न्हाई लागली. ह्यांचा दम कोंडलाय."

"मी काल पुलाव टाकला, ताई. सगळाच्या सगळा टाकला. माझ्या हातानं झालं हे," तानुबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"रडायचं मागून बघू. भात कुजला, त्यानं पाण्यातली हवा खाल्ली. ऊन पडलं की ही हिरवळ परत हवा सोडंल. तवर पाणी निजू द्यायचं न्हाई. मोटार लाव!"

खाण उपसायला आणलेली मोटार लागली. नळीतून पाणी उंच उडून फवाऱ्यासारखं खाली पडू लागलं, आणि मासे त्या फवाऱ्याखाली जमले. तानुबाईचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच मोटार घरघरली आणि बंद पडली. लाईट गेली होती. गुरुवार! गुरुवारी लाईट जाते हे या पट्ट्यात तान्ह्या पोरालाही ठाऊक. ती आता संध्याकाळशिवाय येणार नव्हती.

पण गुरुवारीच वर्कशॉपनाही सुट्टी असते. ज्यांना काम होतं ते घरी होते, ज्यांना ब्रेक होता ते तर होतेच. धम्मरत्न गल्लीगल्लीतून ओरडत पळाला आणि माणसं अंथरुणातून उठून जशीच्या तशी आली. कुणी परात आणली, कुणी बादली, कुणी सूप. ज्यांना काही सापडलं नाही त्यांनी कंपनीची पिवळी हेल्मेटं आणली. सगळे उताराच्या पाण्यात उतरले, कमरेइतके. हेल्मेट भरायचं, डोक्याच्या वर न्यायचं आणि उंचावरून ओतायचं. बाकीच्यांनी हातानं, पायानं पाणी झोडपायचं. नेहा पोट सांभाळत काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडून ते हलवू लागली. तिला उठवायला गेलेल्या तानुबाईला ती म्हणाली, "आत्या, माझ्याच ताटातलं हाय ना ते? मग हलवू द्या मला."

दंड भरून आले, बोटं पांढरी पडली, आभाळ काही उघडेना. आणि मग ती गोष्ट घडली, जी त्या वस्तीत अजून लोक एकमेकांना सांगतात, आणि ज्यांनी पाहिली तेच जास्त सांगतात, कारण त्यांनाच खरी वाटत नाही.

मासे माणसांजवळ आले.

जिथं माणूस पाणी हलवत होता तिथंच त्या पाण्यात जीव उरला होता, आणि हे माशांना कळलं होतं. ते खोल पाण्यातून निघाले, एकामागून एक आले आणि माणसांच्या पायांना चिकटून उभे राहिले. तानुबाईच्या दोन पोटऱ्यांच्या मधे एक भला मोठा कटला येऊन थांबला. त्याचे कल्ले तिच्या कातडीवर उघडत मिटत होते. तिनं खाली पाहिलं. तिच्याभोवती, धम्मरत्नभोवती, सगळ्यांभोवती माशांची गर्दी. जन्मभर ती मासे चिरत आली होती, पण मासा श्वास घेतो हे तिला त्या दिवशी पायाला समजलं. आपण कुठल्यातरी फार मोठ्या, फार जुन्या गोष्टीच्या मधोमध उभ्या आहोत असं तिला वाटलं, आणि तिला त्याची भीतीही वाटली आणि आनंदही झाला.

शेजारचा नवनाथ थट्टेखोर. त्याच्या गुडघ्याशी रोहू टेकला होता. "राव, कालवण आपल्या पायानं चालत आलं की!" असं म्हणून त्यानं हात खाली नेला. नुसता उचलायचा अवकाश होता. महिनाभराचा उपाशीपणा त्याच्याही घरी होता. कुणी त्याला नको म्हटलं नाही. त्याचा हात माशाच्या पाठीवर गेला, क्षणभर तिथं राहिला, आणि मग त्यानं हेल्मेट भरून घेतलं आणि वर उचललं. त्या उतारावर इतकी माणसं होती, इतके मासे होते, पण एकाही माणसानं एकही मासा उचलला नाही.

दुपार कलल्यावर ढग फाटले. ऊन पाण्यावर पडलं, मागोमाग वाराही सुटला. तानुबाईच्या पोटऱ्यांतला कटला हळूच वळला, शेपटीचा एक फटका तिच्या घोट्यावर बसला आणि तो खोल पाण्यात गेला. मग बाकीचे गेले. काठाला थोडे मेलेले मासे पांढरे पोट वर करून पडले होते. ते पाहून तानुबाईनं पदर तोंडात कोंबला. पण जे खाली गेले ते जगायला गेले की मरायला, हे कुणालाच सांगता येईना.

सुभद्राबाईंनी रविवारपर्यंत पाण्याला उपास ठेवला. एक दाणाही टाकायचा नाही. तानुबाई रोज काठावर यायची, रिकाम्या हातानं, आणि हिरव्या पाण्याकडे बघत बसायची. पाण्यात काही हलायचं नाही. आपल्याकडचं काम आता गेलंच असं तिनं धरलं होतं. त्याचं तिला फार वाटत नव्हतं. नेहाच्या ताटाचं वाटत होतं.

रविवारी सगळी वस्ती काठावर. मोठ्या आसाचं, रुंद भोकांचं जाळं खाणीच्या एका बाजूनं सोडलं, दुसऱ्या बाजूनं ओढायला घेतलं. सुरुवातीला जाळं हलकं आलं. मग धम्मरत्नच्या हातातली दोरी एकदम ताठ झाली.

"माय," तो म्हणाला, "जड लागतंय गं."

जाळ्याचा घेर आवळत आला आणि पाणी उसळलं. चांदीसारख्या पाठी एकमेकींवर आदळत वर आल्या, इतक्या, की ओढणाऱ्यांनी ओढायचं सोडून नुसतं बघितलं. बायकांनी तोंडावर हात धरले. चुलीगणिक मासा निघाला, लहान परत गेले, मोठेही पुष्कळ परत गेले. नेहाच्या ताटात दुपारी कालवण पडलं आणि तिनं ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. पळी घेऊन तानुबाई तिच्यासमोर बसली होती, पण नेहानं पुरे म्हटलं तेव्हा पहिल्यांदाच पळी परत पातेल्यात गेली.

सोमवारी सकाळी सुभद्राबाई घमेलं घेऊन तिच्या दारात आल्या.

"चल, तानु. उपास सोडायचा हाय त्यांचा."

"मी? परत मीच?"

"तुझ्या पायाशी आलते ते. तुला आता माप सांगायची गरज न्हाई."

दोघी उतारावर गेल्या. तानुबाईची सावली पाण्यावर पडली तशी खाणीच्या चारी बाजूंनी काळ्या रेघा तिच्याकडे निघाल्या. सगळे आले, तोंडं उघडून तिच्यासमोर जमले. तिनं एक मूठ टाकली. मग एक मूठ. ती संपली तरी ते हलले नाहीत, आणखी मागत राहिले, आणि तिचा हात सवयीनं घमेल्याकडे गेला. घमेल्यात अजून पेंड होती, पण पाण्याला आज एवढंच झेपणार होतं. तानुबाईनं हात मागे घेतला आणि पदरात घट्ट गुंडाळून धरला. त्या शेकडो उघड्या तोंडांसमोर ती रडत रडत तशीच उभी राहिली, ते वळून खोल पाण्यात जाईपर्यंत.