अर्धी किटली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे. दोन लिटरची, जाड कडीची, घट्ट झाकणाची. माझ्या पोटावर डाव्या बाजूला एक पोचा आहे. घरात नवीन आलेलं कुणीही विचारतं, "ही कुठं पडली?" मी कधीच कुठं पडलेली नाही. पोचा कसा आला हे सांगायची मला लाज वाटते. म्हणूनच इतकी वर्षं गप्प होते.

कोल्हापुरातल्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. तिथून मी गारगोटीच्या बाजारात गेले आणि तिथं दादासो कांबळे यांनी आपल्या पहिल्या पगारातून मला विकत घेतलं. ते राधानगरीच्या धरणावर नोकरीला होते. सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. पाऊस कोसळत असताना त्यांची बायको बाळाबाई माझ्यातून चहा पाठवायची. ती मला चिंचेनं घासायची, वर्षाला आतून कल्हई करून घ्यायची. धरणावरची माणसं म्हणायची, "दादासोचा आकडा आणि दादासोची किटली, दोन्ही चोख." तेव्हा मी खूप मिरवत असे.

१९९३ साली दादासो निवृत्त झाले आणि आम्ही कोल्हापुरात दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. पगार असताना ते पाकीट न फोडता बाळाबाईच्या हातात देत. पेन्शन सुरू झाल्यावरही तसंच, महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या हातात. बाजारहाट मात्र आता त्यांनी स्वतःकडे घेतला. रिकामं बसवत नाही म्हणायचे.

रोज संध्याकाळी ते मला घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जात. तिथं म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि गवळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळतं दूध देतात. काही गिऱ्हाइकं धार काढण्याआधी गवळ्याला चरवी उपडी करून दाखवायला लावतात, म्हणजे तळाशी पाणी नाही याची खात्री पटते. आमचा गवळी चनबसाप्पा गडमुडशिंगीहून यायचा. त्याला चरवी उपडी कर असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्याचा तो मान होता.

आता लाजेची गोष्ट सांगते. निवृत्त होताना पेन्शनचा तिसरा हिस्सा सरकारकडून एकरकमी घेता येतो. लोक त्याला पेन्शन विकणं म्हणतात. मग दरमहा हातात येणारा पैसा तेवढा कमी होतो. दादासोंनी बाळाबाईला न सांगता पेन्शन विकली आणि आलेली रक्कम सागवानाची झाडं लावणाऱ्या एका कंपनीत घातली. एजंटला ते म्हणाले होते, "तीस वर्सं जंगलाकडंला काढल्यात मी. झाड वाढतंच की!" कंपनीनं हिरव्या झाडाचं चित्र असलेला एक कागद दिला. तो त्यांनी ट्रंकेत धोतराखाली ठेवला. बाळाबाईला दरमहा द्यायच्या रकमेत जे कमी पडे, ते बँकेतल्या शिलकेतून काढून भरत. १९९९ उजाडेपर्यंत शिल्लक संपली, आणि कंपनीच्या दाराला कुलूप लागलं.

नेमकी त्याच वर्षी त्यांची लेक संघप्रिया बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळाबाई म्हणाली, "आता रोज दोन लिटर आणा. पोर दोन जिवांची हाय."

"आणतो की," दादासो म्हणाले.

बाळाबाई दोन लिटरचे पैसे देई. पहिले काही दिवस ते दीड लिटर घेत आणि वाचलेले पैसे तिला द्यायच्या रकमेत भरत. पुढं एकच लिटर. पण अर्धी भरलेली किटली गप्प बसत नाही. मी चालताना डुचमळायची, आणि तो आवाज दादासोंना नको असायचा. गल्लीच्या तोंडाला सार्वजनिक नळ होता, त्याला इथं चावी म्हणतात. दादासो इकडंतिकडं बघून मला चावीखाली धरत आणि गळ्यापर्यंत भरत. ज्या माणसानं तीस वर्षं पाण्याचा आकडा एका बोटानं चुकू दिला नाही, तो माणूस! मी कलंडले असते, कडी मोडून घेतली असती, तरी चाललं असतं. मी काहीच केलं नाही. एकदा शेजारची चिमणाबाई घागर घेऊन अचानक आली, तेव्हा त्यांनी मला चावीखालून हिसडा देऊन ओढलं आणि मी लोखंडी नळावर आपटले. हाच तो पोचा.

"काय दादासो, किटली धुताय व्हय?" चिमणाबाईनं विचारलं.

"व्हय, व्हय," म्हणत ते भराभर घराकडे निघाले.

घरात दुधाला साय धरेना. संघप्रिया एक घोट घेऊन पेला खाली ठेवायची. "आई, दुधाला चवच न्हाई गं." बाळाबाईनं तीन-चार आठवडे वाट बघितली. मग एका संध्याकाळी कालचं उरलेलं दूध माझ्यात ओतलं, पदर खोचला आणि कट्ट्याकडे निघाली. दादासो मागून "अगं, ऐक तर" म्हणत येत होते.

कट्ट्यावर ही गर्दी. बाळाबाईनं मला सगळ्यांसमोर फरशीवर रिकामं केलं. निळसर, पातळ दूध गटारीकडे धावलं.

"ह्ये दूध हाय व्हय रं, चनबसाप्पा? रोज दोन लिटराचं पैसं घेतोस आन् माझ्या गरवार लेकीला पाणी पाजतोस?"

दोन लिटर हे शब्द ऐकून चनबसाप्पानं मान वर केली. महिनाभर तो एक लिटर मापत होता. त्यानं दादासोंकडे बघितलं. दादासो म्हशीच्या खुरांकडे बघत राहिले. एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता. पण त्यानं हातातली चरवी खाली ठेवली आणि म्हणाला, "चुकलं, अक्का. आज दोन लिटर घिऊन जावा. पैसं नगं."

मित्रांनो, त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी मी खऱ्या दुधानं काठोकाठ भरले. पण असं दूध वाहून नेण्याची वेळ कुणावर येऊ नये. वाटेत दादासोंनी मला तीनदा खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं चनबसाप्पाला म्हणू लागली, "चरवी उपडी कर बघू." तो मुकाट्यानं करायचा. दादासो बाजूला उभे राहून बघायचे. माणसं एकेक करून दुसऱ्या म्हशींकडे वळली, आणि आठ दिवसांनी त्याची जागा मोकळी दिसली. शेजारचा गवळी म्हणाला, "त्यो आता गावातच डेअरीला दूध घालतोय. मिळंल त्या भावानं."

दादासो रिकाम्या किटलीनं घरी आले. मला बाळाबाईसमोर ठेवलं, ट्रंकेतून तो हिरवा कागद काढून माझ्या झाकणावर ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. पेन्शन, झाडं, चावी, सगळं.

बाळाबाईनं कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पैसं गेलं, गेलं. कमी हाय म्हणाला आसता तर मी कमीत भागिवलं आसतं. ह्याआधी काय राजवाड्यात ऱ्हात हुतो? पर मी त्या माणसाला चारचौघांत चोर केलं. माझ्या तोंडातनं चोर केलंसा तुमी त्याला."

सकाळी तिनंच मला उचललं आणि आम्ही तिघं गडमुडशिंगीला गेलो. चनबसाप्पा गोठ्यात शेण भरत होता. बाळाबाईनं हात जोडले. दादासोंच्या तोंडून "माझं चुकलं" एवढंच निघालं.

चनबसाप्पानं हात धुतले. "मला सांगून काय उपेग, दादा? मला ठावंच हुतं की. तुमचं घर मोडाय नगं म्हणून त्या दिशी गप बसलो. पर माझं नाव कट्ट्यावर गेलंय, हितं गोठ्यात न्हाय."

त्या संध्याकाळी दादासो कट्ट्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी माझी कडी माझ्याच अंगावर खडखड वाजवली. त्या आवाजानंच माणसं वळली. त्यांनी झाकण काढलं आणि गवळी चरवी करतो तसं मला सगळ्यांसमोर उपडं केलं.

"मी दादासो कांबळे," ते म्हणाले. "चनबसाप्पाच्या दुधात पाणी न्हवतं. त्ये मी चावीवर घालत हुतो. एक लिटर घ्यायचो आन् घरात दोन सांगायचो."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "पेन्शनर माणूस, आन् आसलं काम!" दादासो तिथून हलले नाहीत. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत मला छातीशी धरून उभे राहिले. धरणावर ते पाण्याचे आकडे किती चोख लिहीत हे ठाऊक असलेलं तिथं कुणी नव्हतं.

चनबसाप्पा चार दिवसांनी परत आला. निम्मी गिऱ्हाइकं फिरून आली, निम्मी आलीच नाहीत. चरवी उपडी कर म्हणणारा एखादा आजही निघतो, आणि ते ऐकलं की माझा पोचा दुखतो.

म्हणून, मित्रांनो, एक विनवणी करते. तुमच्या घरातही कुणी आजोबा पेन्शन घेऊन येत असतील. हातात कमी आलं असेल तर त्यांना कमी म्हणता येईल, असं घर ठेवा. आणि माझ्यासारखं एखादं भांडं असेल तर त्याला चिंच लावा, कल्हई करा, पण खोटं भरायला लावू नका. भांडं नाही म्हणू शकत नाही.

आता दादासो कट्ट्यावर मोठ्यानं सांगतात, "एकच लिटर." येताना ते चावीजवळ थांबत नाहीत. मी गल्लीभर डुचमळत येते. दारात बसलेली चिमणाबाई आवाज ऐकून मान वर करते, आणि दादासो चाल वाढवत नाहीत.