ऑल्डरविकचा आगीचा बंब

मित्रांनो, मी एक बंब आहे. अंघोळीचे पाणी तापवणारा नव्हे, आग विझवणारा. इंग्लंडातल्या ऑल्डरविक नावाच्या लहानशा बाजारगावात मी चाळीसहून अधिक वर्षे चाकरी केली. आता सरायखान्यामागच्या पडवीत पडून असतो. माझी दोन चाके निखळली आहेत आणि टाकीत कोंबड्या अंडी घालतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फार थकल्यावर तक्रार करण्याचाही कंटाळा येतो. पण एका माणसाची हकिकत सांगायची राहून गेली आहे, तेवढी सांगतो.

लंडनच्या एका कारखान्यात मला घडवले. ओक लाकडाची टाकी, तिला आतून तांब्याचा पत्रा, दोन्ही बाजूंना लांब दांडे. एका दांड्याला आठ आणि दुसऱ्याला आठ, असे सोळा गडी ते दांडे वरखाली करीत, तेव्हा कुठे माझ्या पितळी तोटीतून पाण्याची धार निघे. अंगाला तांबडा रंग दिला आणि त्यावर सोनेरी अक्षरांत गावाचे नाव काढले. मालाच्या घोडागाडीतून मी ऑल्डरविकला पोचलो तो गुरुवार होता. गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. मेंढ्या, लोण्याच्या टोपल्या, कोंबड्यांची खुराडी यांतून वाट काढत मला चर्चकडे नेले. मनोऱ्याच्या तळाशी एक दगडी खोली होती, तीच माझी जागा ठरली.

माझ्याबरोबर चामड्याच्या तीन लांब नळ्या आल्या होत्या. लोखंडाला आणि लाकडाला कोणीही पुसून ठेवील, पण चामड्याचे काम त्यातल्या जाणकाराचे. म्हणून गावच्या पंचांनी माझी किल्ली जेबेझ थर्कल याच्या हाती दिली. घोड्यांची खोगिरे आणि लगाम शिवण्याचे त्याचे दुकान बाजारचौकातच होते. तेव्हा तो तिशीचा असेल. उंच, किडकिडीत आणि बोलायला अगदी कमी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकान बंद करून तो यायचा. नळ्या उलगडायच्या, कोमट केलेली चरबी बोटांनी शिवणींत मुरवायची, पुन्हा गुंडाळून ठेवायच्या. चार तासांचे काम होते. पाहायला कोणी नसे, म्हणून की काय, तो माझ्याशी बोले.

"चामडं जित्राबासारखंच असतं," तो एकदा म्हणाला. "मेलेलं असलं तरी त्याला खायला लागतं."

माझी पहिली मोठी कामगिरी गावाबाहेरच्या जवाच्या कोठारावरची. त्या दिवशी मला ओढायला सगळा गाव धावला. दांडे मारणाऱ्यांना नंतर बिअर मिळते, हे त्यांना ठाऊक होते. कोठाराचे छप्पर गेले, पण शेजारची बारा घरे वाचली. माझ्या दांड्यांना निळ्या फिती बांधल्या, बँड वाजवला आणि सरायखान्यात पंचांची मोठी मेजवानी झाली. गरम भाजलेले गोमांस, पुडिंग आणि एकामागून एक भाषणे. थर्कललाही बोलावणे होते. तो गेला नाही. ओल्या नळ्या तशाच ठेवल्या तर कुजतात, म्हणून त्या मनोऱ्याच्या जिन्यावर टांगून तो पाणी निथळेपर्यंत खाली बसून राहिला. खिशातून पाव आणि चीजचा तुकडा काढून खाल्ला. मला तेव्हा फितींचा अभिमान वाटत होता. त्याच्या पावाकडे माझे नीट लक्ष गेले नाही.

वर्षे गेली. किती आगी विझवल्या, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. गवताच्या गंजी, बेकरीची चिमणी, एकदा पाद्रीसाहेबांचा तबेला. दरम्यान गावात रेल्वे आली. शहरातल्या कारखान्यांत शिवलेली खोगिरे स्वस्तात येऊ लागली आणि थर्कलचे गिऱ्हाईक कमी कमी होत गेले. त्याची बायको वारली. मूलबाळ नव्हते. बोटांचे सांधे सुजू लागले. चरबी मुरवायला आता चार तासांऐवजी अख्खा दिवस लागे. मधूनमधून तो हात काखेत धरून बसे आणि मग पुन्हा कामाला लागे.

नळ्याही माझ्याइतक्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या. एका शनिवारी त्याने पहिल्या नळीवर अंगठा दाबला आणि चामडे बारीक रेघांनी तडकले.

पंचांची बैठक माझ्या शेजारच्याच खोलीत भरत असे. मध्ये एक जुने दार होते, त्यामुळे मला सारे ऐकू येई. त्या महिन्यात थर्कल बैठकीला गेला. पंचांचे मुख्य होते मिस्टर लव्हरिज, धान्याचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वेळ कधीच नसे. थर्कलने नव्या नळ्या मागितल्या. राणीसाहेबांच्या राज्याला पन्नास वर्षे झाल्याबद्दल धान्यबाजाराच्या इमारतीवर मोठे घड्याळ बसवायचे आहे, तेव्हा यंदा जमणार नाही, असे लव्हरिजनी सांगितले.

"आग घड्याळ बघून लागत नाही, साहेब," थर्कल म्हणाला.

कोणीतरी हसले. लव्हरिजही हसले. "थर्कल, तुम्ही आहात तोवर आम्हाला काळजी नाही. तुम्ही काहीतरी जुगाड कराल."

कौतुक म्हणूनच ते म्हणाले होते. थर्कल माझ्या खोलीत आला आणि दाराशी उभा राहिला. मला वाटले, निदान आज तरी हा चिडेल. पण तो वाकला आणि दिवसभर पुरेल एवढी चरबी गरम करायला ठेवली.

पुढच्या वर्षी त्याचे दुकान बंद झाले. गावच्या टेकडीवर गरीबघर होते. ज्यांचे कोणी नाही आणि हातपाय चालत नाहीत, त्यांना तिथे धाडत. तिथे जायला कोणी राजी नसे. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, राखाडी जाडेभरडे कपडे, आणि उठायला, जेवायला, झोपायला घंटा. जायच्या दिवशी सकाळी थर्कल माझ्याकडे आला. महिन्याचा पहिला शनिवार नव्हता, तरी त्याने नळ्यांना चरबी लावली. मग किल्ली चर्चच्या घंटेकऱ्याला दिली आणि काय काय करायचे ते दोनदा समजावले. घंटेकऱ्याने मान डोलावली. त्यानंतर तो नळ्यांकडे एकदाही फिरकला नाही.

माझ्यावर मोडकी बाके आली. फुलांच्या कुंड्या ठेवायच्या घडवंच्या आल्या. उंदरांनी दुसऱ्या नळीच्या वेटोळ्यात घर केले. असे सहज, कोणाच्याही मनात वाईट नसताना, अडीच वर्षे गेली.

मग नोव्हेंबरातला तो गुरुवार उजाडला. बाजार ऐन भरात होता. गरीबघराच्या धुलाईखान्यात कपडे वाळवायच्या शेगडीवर एक चादर पडली आणि पेटली. बातमी चौकात आली तेव्हा टेकडीवर धूर दिसतच होता. माझ्यावरची बाके बाहेर फेकायलाच इतका वेळ गेला की ओढणाऱ्यांत भांडणे जुंपली. मेंढ्यांच्या कळपातून मला टेकडीवर चढवले. माझी चाके कुरकुरत होती आणि मला मनातून भीती वाटत होती, कारण माझ्या नळ्यांची दशा मला ठाऊक होती.

गरीबघराच्या अंगणात पुरुषांना बाहेर काढून भिंतीशी उभे केले होते. धुलाईखान्याच्या वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सहा म्हाताऱ्या होत्या. जिना पेटला होता आणि खिडक्यांना गज होते. गावातून रोज धुलाईकामाला येणारी हेस्टर पार्डो नावाची विधवा आग लागताच खाली पळण्याऐवजी वर गेली होती. ओली पोती दाराच्या फटीत कोंबून ती त्यांच्यापाशी थांबली होती. खिडकीतून तिने एकदाच हाक दिली. जिन्यावर पाणी मारा, बाकी काही नको, एवढेच सांगितले.

विहिरीपासून बादल्यांची रांग लागली. माझी टाकी भरली. सोळा जणांनी दांडे धरले आणि जोर लावला. पाणी नळीत शिरले, वीस पावले गेले, आणि पहिली नळी मधोमध फाटली. तोटीतून थेंबसुद्धा आला नाही. सगळे पाणी अंगणातल्या दगडांवर वाहून गेले. मी आयुष्यात पुष्कळ आगी पाहिल्या, पण त्या क्षणाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

भिंतीशी उभ्या असलेल्या राखाडी कपड्यांतून एक म्हातारा पुढे आला. मी त्याला चालीवरून ओळखले. लोहार नेथन गॉडबी माझ्या दांड्याला होता. थर्कल त्याच्यासमोर उभा राहिला.

"नेथन, एप्रन काढ."

"कशाला?"

"चामड्याचा आहे म्हणून. काढ लवकर."

थर्कलला सुजलेल्या बोटांनी एप्रन चिरता येईना. नेथननेच चाकूने पट्ट्या काढल्या. थर्कलने गुडघे टेकून त्या फाटलेल्या जागेभोवती आवळल्या. गाठ मारताना त्याने पट्टीचे टोक दातांत धरले. पुन्हा जोर लागला. पाणी जिन्यापर्यंत पोचले, जिना फुसफुसू लागला, आणि दोन हातांवर दुसरी चीर पडली. आता पट्टी उरली नव्हती. लोक दांडे सोडू लागले.

"थांबू नका," थर्कल म्हणाला, आणि त्या चिरीवर पालथा पडला. दोन्ही हातांनी त्याने नळी पोटाशी धरली. पाणी त्याच्या अंगाखालून उडत होते, पण जोर बराचसा पुढे जात होता. नोव्हेंबरातले विहिरीचे पाणी कसे असते, याची तुम्ही कल्पना करा. नळी म्हणजे माझेच अंग. तिच्यातून मला त्याची धडधड कळत होती. ती फार जलद चालली होती. नेथनने ओरडून विचारले, जमतंय का? त्याने फक्त एक पाय हलवला.

पाऊण तास तो तसा पडून होता. जिन्याच्या वरच्या आठ पायऱ्या उरल्या, तेवढ्यावर शिड्या टेकवता आल्या. हेस्टर सर्वांत शेवटी उतरली. तिच्या पाठीवर एक म्हातारी होती आणि हेस्टरच्या भुवया जळाल्या होत्या. सहाही जणी वाचल्या.

मला परत न्यायला मात्र कोणी आले नाही. मी गरीबघराच्या अंगणात चार दिवस तसाच उभा होतो आणि नळ्या दगडांवर ओल्या पडल्या होत्या. चौथ्या दिवशी थर्कल घोंगडी पांघरून, खोकत खोकत बाहेर आला. नळ्यांचे एक टोक उचलून तो त्यातले पाणी काढू लागला. हेस्टर दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती आली आणि तिने दुसरे टोक उचलले.

तेवढ्यात मिस्टर लव्हरिज आले. त्यांचे डोळे लाल होते. बहुधा झोप झाली नसावी. हातमोजे काढून ते थर्कलसमोर उभे राहिले. पंचांनी तुमचे नाव पितळी पाटीवर कोरायचे ठरवले आहे, असे त्यांनी सांगितले.

"पाटी नको, साहेब. नळ्या घ्या."

"नळ्या मागवल्या. कालच मागवल्या." "स्वतःसाठी काही मागा, थर्कल."

थर्कलने नळी खाली ठेवली. स्वतःसाठी मागायची सवय नसलेला माणूस कसा गोंधळतो, ते मी तेव्हा पाहिले.

"घंटा नसेल अशा ठिकाणी झोपायचंय," तो अखेर म्हणाला. "मी दमलोय, साहेब."

लव्हरिजनी इमारतीकडे पाहिले. गरीबघराचे नियम मी एकटा बदलू शकत नाही, असे ते हळूच म्हणाले. तेव्हा हेस्टर पुढे झाली.

"सांभाळणारं कुणी असेल तर माणसाला जाऊ देतात. हाही नियमच आहे ना?"

"आहे. पण बाई, तुम्ही यांच्या कोण?"

"कोणी नाही. गुरुवारी वर होते, ती मी." मग ती थर्कलकडे वळली. "माझी एकच खोली आहे, मिस्टर थर्कल. पण चुलीपाशी खुर्ची आहे."

"माझ्या हातांनी आता काही काम होत नाही, बाई. बटाटेसुद्धा सोलता यायचे नाहीत."

"नुसतं बसता येतं का?"

"कधी बसलो नाही," तो म्हणाला. "बघतो जमतंय का."

मित्रांनो, तो दोन हिवाळे तिथे बसला. नव्या नळ्या आल्या, आणि पंचांनी माझी किल्ली हेस्टरकडे दिली. चरबी कशी मुरवायची ते त्याने तिला खुर्चीतूनच शिकवले. तो स्वतः मात्र पुन्हा माझ्याकडे आला नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही, उलट बरेच वाटले. पुढे वाफेवर चालणारा बंब आला आणि माझी नोकरी संपली.

वस्तू जपा, असे तुम्हांला सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण तुमच्या शाळेत, गावात, घरात कोणीतरी एक माणूस असेल, जो न सांगता सगळे जपत असतो. तो आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता. त्याच्या पाठीवर नुसती थाप मारू नका. त्याच्यापाशी बसा आणि दमलात का, असे विचारा. जेबेझ थर्कलला स्वतःसाठी काय हवे ते पहिल्यांदा विचारले, तेव्हा त्याला बहात्तर वर्षे पुरी झाली होती. तुम्ही इतका उशीर करू नका.