चक्कीतून गेलेली तार

चक्कीच्या बोर्डात खोचलेली पांढरी तार नीरजाने बोटाने धरली आणि तिच्यामागोमाग भिंतीपर्यंत गेली. तार भोकातून पलीकडे गेली होती, भागाबाईंच्या चहाच्या टपरीत.

भिलाईतल्या लहान धंद्यांची वीजबिलं तपासायची आणि चुकलेला दर दुरुस्त करून घ्यायचा, हे नीरजाचं काम. मरोद्यातल्या पंजाबरावांच्या या आटाचक्कीला बिल येत होतं छोट्या कारखान्याच्या स्वस्त दराऐवजी दुकानाच्या महाग दराने. तोच दर राहिला तर दिवाळीनंतर चक्की बंद, असं ते सांगून बसले होते. ‘मीटरवर चक्कीशिवाय काही नाही’ असा अर्ज नीरजाने स्वतःच्या सहीने दिला होता. आणि वीज कंपनीकडून तपासणीला आलेले वर्मासाहेब बाहेर गाडी लावत होते.

"काका, ही तार?"

"वहिनीची. भाऊ गेला, तवा टपरी टाकून देल्ली तिले. एक फ्रिज अन् एक बल्ब, त्याचं असं काय बिल येते वो?"

"मीटरवर दुकान निघालं की सगळ्यालेच दुकानाचा दर लागते, काका! मले कावून नाही सांगतलं?"

"तू विचारलं कवा?"

पंजाबरावांनी पिन उपटली, तार भोकात कोंबली आणि पुढे गव्हाचं पोतं उभं केलं. "आता चूप राह्य."

वर्मासाहेबांनी आत येऊन मीटर पाहिलं, चक्कीच्या मोटारीवरची पाटी वाचली. "सब ठीक है, मॅडम. यहाँ साइन कर दीजिए."

नीरजाने पेन घेतलं. ते कागदावर टेकेना. पोत्याकडे बघायचं नाही म्हणून ती मोटारीकडे बघत राहिली.

तेवढ्यात भागाबाई दारात आल्या. "भाऊजी, लाईट माह्यीच गेली का? तुमचा पंखा तं फिरून राहिला!"

वर्मासाहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"सर, साइन नहीं करूँगी मैं," नीरजा म्हणाली. "उस बोरे के पीछे तार है. टपरी इसी मीटर पर चलती है."

"घातला ना घाव!" पंजाबराव ओरडले. "माह्याच चक्कीत उभी राहून!"

"कब से है ये तार?"

पंजाबरावांनी मान फिरवली. "भाई गया तब से."

"फिर तो बिल सही आ रहा था. रिपोर्ट में लिखना पड़ेगा. इनका अलग मीटर लगवाओ, फिर दोबारा अर्ज़ी दो."

"दिवाली तक हो जाएगा?" नीरजाने विचारलं.

"काग़ज़ आज दोगे तो कोशिश करूँगा."

"माह्यं बिल म्या भरलं असतं, भाऊजी," भागाबाई हळूच म्हणाल्या. "एका शब्दानं सांगतलं असतं तं."

नीरजाने आपल्या अर्जावर आडवी रेघ मारली. "काकू, नव्या मीटरच्या अर्जाले आधार कार्ड हाय ना जवळ?"

पंजाबरावांनी तिच्याकडे पाठ फिरवली. दारात डबे घेऊन बाया खोळंबल्या होत्या. पंजाबरावांनी पहिला डबा उचलला आणि चक्की सुरू केली.