पुलाच्या मध्यावर

"सर, पुलाच्या मध्यावर थांबलं तर चालतं का?"

मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून पुलावरच्या शर्यतीच्या सूचना चालू असताना मी सगळ्या शाळेसमोर विचारलं. खेळाचे सर म्हणाले, "थांबलं तर चालतं कसं गं? थांबलं तर थांबतं!" सगळी शाळा हसली, मग मीही पोट धरधरून हसले.

रविवारी शर्यत सुटली. एरवी ट्रकांनी गजबजलेला पूल गाड्यांना बंद होता. धुक्यात नदी दिसतच नव्हती, जणू आम्ही ढगावरूनच पळत होतो. माझ्यापुढे दोघीच होत्या. पहिल्या तिघींना शहराच्या संघात घेणार होते आणि बाबा महिनाभर माझ्या मागे लागले होते, "तिसरी तर तिसरी, पण ये!"

मध्यावर तळव्यांना काहीतरी जाणवलं. पूल हलत होता, गाढ झोपलेल्याच्या पोटासारखा, अगदी हळू. पळताना नीट कळेना, म्हणून मी थांबले आणि कठड्याला हात लावला. शेकडो पावलं लोखंडातून माझ्या बोटांत येत होती. मुली एकेक करून पुढे गेल्या. "अगं, पाय मुरगळला का?" एकीने विचारलं. मी नुसती हसले.

शेवटच्या रेषेशी बाबांचा चेहरा एवढासा झाला होता. आईने पाणी दिलं. "दुखलं का गं कुठे?"

"नाही. पूल हलत होता, ते बघायला थांबले."

"ऐकलंस?" बाबा आईला म्हणाले. "पूल बघायला!"

"आई, बाबा," मी म्हटलं, "मी रोज पळणार आहे. पण यापुढे एकाही शर्यतीत नाव देणार नाही."